मास्तरांचा पाय आणि भिंगरीची गणितं

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, गाडी शिकवणारे मास्तर. डोक्यावर पाटी लावलेली ती छोटी पांढरी गाडी भर चौकात बंद पडते, मागचे सगळे हॉर्नवर हात ठेवून बसतात, आत शिकणाऱ्याला घाम फुटतो आणि त्याच्या शेजारी बसलेला एक जाडसर गृहस्थ खिडकीबाहेर बघत म्हणतो, "होतं असं. क्लच दाबा. पहिला टाका. घाई कुणाला आहे?" ते आमचे मास्तर. घाई सगळ्या चौकाला असते, पण मास्तरांचा आवाज ऐकून शिकणाऱ्याला वाटतं, खरंच की, कुणालाच नाही.

अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक असतो, हे जे कुणाच्या हाताखाली गाडी शिकले त्यांना माहीत असेल. काही शिकवणारे मधेच हात घालून स्टिअरिंग ओढतात, ओरडतात, कपाळावर हात मारतात. मास्तरांना त्यांचा भारी राग. "चाक ज्याचं त्याने फिरवावं," हे त्यांचं ब्रीद होतं. चाकाला हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही. मास्तरांचं काय ते पायावर. समोरून सायकलवाला आडवा आला, तर शिकणाऱ्याच्या लक्षात यायच्या आत मास्तरांचा उजवा पाय खाली गेलेला असायचा. अर्धं आयुष्य हा पाय असा दिवसभर चालला, आणि मग तो घरी आल्यावरही सुट्टी घेईना. ही खरी पंचाईत.

मेव्हण्याच्या गाडीत पुढे बसले की मास्तर पायाखालचं पायपुसणं पार चुरगाळून टाकायचे. टीव्हीवर गाड्यांची मारामारी लागली की हे सोफ्यावर बसून ब्रेक दाबणार. आणि दुधाचं तर विचारूच नका. पातेल्यातलं दूध वर यायला लागलं की मास्तर गॅसकडे धावायच्या ऐवजी जागच्या जागी फरशीवर पाय दाबायचे, आणि दूध अर्थातच उतू जायचं. बायको दातांच्या दवाखान्यात काउंटरवर होती, दिवसभर लोकांची दुखणी ऐकायची. ती म्हणायची, "अहो, आमच्याकडे दात काढतात. पाय काढत असते ना, तर तुम्हाला आधी नंबर लावून दिला असता." मास्तर हसून सोडून द्यायचे. सवय आहे, त्यात कुणाचं काय बिघडतंय, असं त्यांना वाटायचं.

भिंगरी ही त्यांची एकुलती एक. खरं नाव शाळेच्या हजेरीत आहे, ते तिथेच राहू दे. चालायला लागली तीच पायाला भिंगरी लावून, म्हणून भिंगरी. कालपरवापर्यंत ती कोपऱ्यावरच्या लहान शाळेत होती. तिथे सगळ्या विषयांना एकच बाई, आणि त्या बाईंना कुणाचा कुठला दात पडलाय इथपर्यंत सगळं ठाऊक. या वर्षी ती मोठ्या शाळेत गेली. तीन मजले, तासागणिक नवा शिक्षक, आणि त्याला मुलांची नावं पाठ व्हायच्या आत घंटा. भिंगरीला मात्र ही शाळा बेहद्द आवडली, कारण तिथे बास्केटबॉलचं मैदान होतं. पहिल्याच महिन्यात तिची सरावासाठी निवड झाली. संध्याकाळी लालबुंद तोंडाने घरी यायची, घटाघटा पाणी प्यायची आणि मग बापलेक जेवणाच्या टेबलाशी अभ्यासाला बसायची.

आणि मग गणिताची पहिली चाचणी झाली. पंचवीसपैकी सात.

पालकांना भेटायला बोलावलं तेव्हा मास्तर एका शिकाऊला तसाच रस्त्याकडेला सोडून... नाही, तसं नाही, त्याला नीट घरी पोचवून मगच शाळेत गेले. गणिताचे सर तरुण होते, बाहीला खडू लागलेला, चेहरा दमलेला. त्यांनी एका बाजूला भिंगरीच्या गृहपाठाच्या वह्या ठेवल्या आणि एका बाजूला पेपर. म्हणाले, "हे बघा. गृहपाठात शोधून चूक सापडायची नाही. आणि पेपरात मुलगी कोरी. सुरुवात करते, दोन पायऱ्या लिहिते, आणि थांबते. राग मानू नका, पण घरी कुणी करून देतं का?"

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी रोज शेजारी बसतो," ते म्हणाले, "पण आजवर एक आकडा तरी सांगितला असेल ना, तर नाव बदलीन. अहो, माझा धंदाच तो आहे. चाक ज्याचं त्याने फिरवावं." आणि हे शंभर टक्के खरं होतं. मास्तर भिंगरीच्या डाव्या हाताला खुर्ची घेऊन बसत, वहीकडे बघत, आणि तोंडातून ब्र काढत नसत.

सर म्हणाले, "मग परीक्षेला घाबरत असेल. एखादी शिकवणी लावून बघा. वर्गात बहुतेकांना आहेच."

घरी विषय निघायचा अवकाश, बायको तयारच होती. दवाखान्यात पोरांना घेऊन नंबराची वाट बघणाऱ्या आया दिवसभर दुसरं बोलतात काय? "तोंड बधिर केलेली बाईसुद्धा क्लासचंच बोलते," ती म्हणाली. "आपणच मागे राहिलोय. लावून टाकू."

"हिचं खेळणं बंद होईल," मास्तर म्हणाले.

"आठवड्यातून चार दिवस जाईल फक्त."

"पोरीला जरा वारा लागू दे की. दिवसभर शाळा, मग परत शाळा? आपण कधी गेलो होतो शिकवणीला?"

"आणि म्हणून आपण कुठे पोचलो ते बघतोय ना? अहो, तुम्ही स्वतः कशावर जेवता? लोकांना आपापलं जमत नाही म्हणूनच येतात ना तुमच्याकडे? जगाला शिकवणी लावा, पण माझ्या घरात नको, असं आहे का?"

"गाडीची गोष्ट वेगळी. गाडी माणूस मारते."

"आणि गणित काय गुदगुल्या करतं?"

 खरं कारण मास्तरांनी सांगितलंच नाही, ते सांगायला त्यांना लाज वाटत होती. दिवसभर परक्या माणसांचे घामेजलेले हात, कुणाची आरडाओरड, कुणाची रडारड, आणि त्या सगळ्यातून घरी आल्यावर भिंगरीशेजारचा तो एक तास. तिची पेन्सिल चालतेय, मधेच ती वेणीचं टोक चावतेय, एखादं गणित सुटलं की कोपराने त्यांना ढुशी मारतेय. तो तास गेला तर त्यांच्या दिवसात उरतं काय? शिकवणीच्या बाई त्यांच्या खुर्चीवर येऊन बसणार, हेच त्यांच्या पोटात दुखत होतं.

भिंगरीने हे सगळं दाराआडून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर तिला शाळेत सोडायला निघाले. गाडी तीच, शिकवण्याची, पण तिच्या मैत्रिणी हसतात म्हणून डोक्यावरच्या पाटीला पिशवी घातलेली. निम्म्या वाटेपर्यंत ती दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. 

"बाबा, शिकवणी लावली तर मला गणित येईल?"

"येईल की. न यायला काय झालं?"

"आणि लावूनही नाही आलं तर?"

मास्तर हसले, पण ती हसली नाही.

"आत्ता निदान म्हणता तरी येतं, हिला शिकवणी नाही म्हणून येत नाही. मग काय म्हणायचं? मग मी ढच, ना?"

गाडी उभी होती, समोर लाल दिवा होता, तरी मास्तरांचा पाय खाली गेला. हिला आतून असं वाटतंय? ही, जी घरात एक क्षण स्वस्थ बसत नाही, ती रोज हे ओझं घेऊन शाळेत जाते? "काहीतरीच काय," ते म्हणाले. शाळेच्या फाटकाशी ती उतरली आणि मान खाली घालून आत गेली.  शिकवणी लावायची की नाही हा प्रश्न राहिला बाजूला. पोरगी स्वतःला ढ समजायला लागली होती, आणि एकदा ते डोक्यात बसलं की कुठली शिकवणी ते बाहेर काढणार?

त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, "भेटू शिकवणीच्या बाईंना."

बाई समोरच्या इमारतीत राहायच्या. जन्मभर शाळेत गणित शिकवून आता घरी मुलं घ्यायच्या. चष्मा कायम कपाळावर, तोंडात खोकल्याची गोळी, आवाज घोगरा. सगळी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मी आधी येऊन बघते ती घरी कशी अभ्यास करते. मग ठरवू. डॉक्टर नाडी बघितल्याशिवाय औषध देतो का?"

रविवारी दुपारी बाई आल्या. चहाचा कप घेऊन टेबलाच्या पलीकडे, जरा लांब बसल्या. "मी इथे नाहीच असं समजा. रोज बसता तसे बसा."

बापलेक बसली. भिंगरीने कंसांची गणितं काढली. बाहेर वजा, आत आणखी एक वजा, अशी ती चावट गणितं. सुरुवातीला जरा बुजली, मग पेन्सिल चालू लागली. एक झालं, बरोबर. दुसरं झालं, बरोबर. मास्तरांची छाती फुगली. त्यांनी बायकोकडे असं बघितलं, जसं काही म्हणत होते, बघ, हिला शिकवणी हवीय? बायकोलाही प्रश्न पडला. हीच पोरगी पेपरात कोरी कशी?

बाई काही वहीकडे बघत नव्हत्या. त्या भिंगरीच्या डोळ्यांकडे बघत होत्या. चिन्ह लिहायची वेळ आली की पोरीची नजर वहीवरून घसरायची, टेबलाच्या खाली डावीकडे जायची, आणि मग परत वर यायची. प्रत्येक वेळी. बाईंनी कप खाली ठेवला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि जरा वाकून टेबलाखाली बघितलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "एक करता का? खुर्चीवर मांडी घालून बसता का जरा?"

"मांडी? खुर्चीवर?"

"हो. दोन्ही पाय वर."

मास्तरांना काही उमगेना. पण बाई बाई होत्या. एवढा जाडसर माणूस कसाबसा, हात टेकत, खुर्ची करकरवत मांडी घालून बसला. बायकोला हसू आवरेना. भिंगरी मात्र हसली नाही. तिने पुढचं गणित लिहून घेतलं, कंस सोडवायला घेतला, चिन्हापाशी आली, आणि थांबली. डावीकडे खाली बघितलं. तिथे नुसती फरशी. तिने अधिक लिहिलं. खोडलं. वजा लिहिलं. खोडलं. कागद फाटायची वेळ आली. मग तिने पेन्सिल ठेवून दिली आणि तिचे डोळे काठोकाठ भरले.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"बाबाचा पाय," भिंगरी म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. ती चुकीचं लिहायला गेली की बाबाचा पाय खाली दाबला जायचा. बरोबर असलं की ढिला असायचा. तिला फक्त पायाकडे बघायचं होतं. अधिक करून बघायचं, पाय गेला की वजा. दोन्हीला गेला तर आधीची पायरी चुकली. मास्तर ऐकत राहिले. त्यांना त्याच मांडीसकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. एक आकडा सांगत नाही, एक आकडा सांगत नाही, म्हणून जगभर मिरवत होते, आणि रोज संध्याकाळी टेबलाखालून अख्खी उत्तरपत्रिका देत होते!

"अगं, मग सांगायचं नाही का मला?" मास्तर मांडी न सोडताच म्हणाले.

भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं. तिला खरंच नवल वाटलं होतं. "म्हणजे तू मुद्दाम नव्हतास करत? मला वाटलं, आईला कळू नये म्हणून तू असं सांगतोस. मला वाटलं, ते आपल्या दोघांचं गुपित आहे."

 आईने तोंडावर पदर धरला, तो हसू लपवायला की रडू, हे तिचं तिलाच ठाऊक.

शेवटी आईनेच विचारलं, "मग बाई, कधीपासून पाठवू शिकवणीला?"

"थांबा हो," बाई म्हणाल्या. "हिला शिकवणी हवी की नको, ते आज मला सांगता यायचं नाही. हिला काय येतं, हे तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि मुख्य म्हणजे हिला माहीत नाही. पंधरा दिवस हिला एकटीला बसू द्या. मास्तर दुसऱ्या खोलीत. चुकू दे. भरपूर चुकू दे. मग, भिंगरी, मला त्या चुका आणून दाखव हं, बरोबर आलेलं नको. आणि मास्तर, पाय खाली सोडा आता, मुंग्या आल्या असतील."

मुंग्या पायाला आल्या होत्याच. पण त्याहून जास्त त्या मास्तरांच्या डोक्याला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीत केकवाल्या काकू होत्या. घरी केक करून दुकानांना देणाऱ्या या काकू गाडी इतकी झकास चालवायच्या की बघत राहावं, आणि परीक्षेत मात्र दोनदा आपटल्या होत्या. मास्तर सगळ्यांना सांगायचे, काकूंना परीक्षेची धास्ती आहे. त्या दिवशी त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि विचारलं, "काकू, खरं सांगा. माझा पाय तुम्हाला कळतो का?"

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनी दिवसाढवळ्या सूर्य कुठे आहे असं विचारलंय. "अहो मास्तर, सगळ्यांनाच कळतो! तुमचा गुडघा हलला की मी ब्रेक दाबते. रस्त्याकडे कोण बघतंय? तो परीक्षक मेला दगडासारखा बसून राहतो. त्याचा गुडघाच हलत नाही, मग मी काय करू?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी आपली डबा ठेवायची पिशवी मांडीवर घेतली, गुडघे झाकले आणि म्हणाले, "चला. आता रस्त्याकडे बघा." काकूंनी त्या दिवशी गाडी तीनदा बंद पाडली आणि जाताना रागारागाने म्हणाल्या, "तुम्ही आधी बरे होतात." पण हे काकूंचं झालं. गाडीत ब्रेक दाबायला मास्तर होतेच. घरी तेही नव्हते.

घरी मास्तरांची रवानगी स्वयंपाकघरात झाली. बायकोने त्यांच्यापुढे वाटाण्याच्या शेंगा ठेवल्या. "सोला. हात चालू राहिले की पाय शांत राहतात." बाहेर भिंगरी एकटी. मास्तरांचे कान दाराला चिकटलेले. पेन्सिल चालली की त्यांना बरं वाटायचं, थांबली की हातातली शेंग अर्धवट राहायची. खोडरबर घासायला लागलं की ते शेंगेसकट उठायचे आणि बायकोची नजर बघून परत बसायचे.

पहिला आठवडा म्हणजे नुसती दाणादाण. गृहपाठाच्या वहीत कधी नव्हे ती लाल रेघांची गर्दी झाली. सरांनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "हे काय? अचानक काय झालं तुला?" आणि ती काय सांगणार, माझ्या बाबांनी पाय वर घेतला म्हणून? त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. गालांवरून पाणी ओघळत होतं.

"मला काही येत नाही. काहीच येत नाही. बाबा, तू ये ना. नुसता बस. पाय नको हलवूस हवं तर, पण बस."

मास्तर उभे राहिले. वाटाणे सगळ्या फरशीभर झाले. "बास झालं!" ते बायकोवर ओरडले. हे मास्तर कधी ओरडत नसत. "लाव ती शिकवणी! उद्यापासून लाव! खेळ गेला खड्ड्यात. पोरगी रडतेय आणि मी इथे वाटाणे सोलतोय!"

गंमत बघा. इतके दिवस जी शिकवणी लावा, शिकवणी लावा म्हणून मागे लागली होती, ती बायको आता जागची हलली नाही. "बसा तुम्ही," ती म्हणाली. "पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. आत्ता लावली ना, तर हिला काय वाटेल? मी एकटी बसले, मला जमलं नाही, म्हणून बाई आणल्या. जन्मभर तेच धरून बसेल." मग तिने भिंगरीला जवळ ओढलं, तोंड पुसलं, पाणी दिलं. "आज किती गणितं चुकली?"

"मला काय माहीत! बरोबर की चूक ते कळतच नाही ना!"

"मग सगळी चुकलीच कशावरून?"

भिंगरी हुंदके देता देता थांबली. या बाजूने तिने विचारच केला नव्हता.

"आणि शाळेत मुलं कसं ओळखतात मग, बरोबर आलं ते?"

"सर ताळा करायला सांगतात. आलेलं उत्तर परत गणितात घालून बघायचं. जुळलं तर बरोबर."

"मग तू करत नाहीस का?"

भिंगरीने बाबाकडे बघितलं आणि नजर खाली घातली. कधी गरजच पडली नव्हती बिचारीला. मास्तर गुपचूप खाली बसले आणि फरशीवरचे वाटाणे गोळा करू लागले. त्यांना बायकोचं पटलं होतं आणि पटलेलं सोसवत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात लगेच काही जादू झाली असं नाही. पण रडणं थांबलं. मग ती बाहेर एकटीच पुटपुटायला लागली. मग एकदा स्वतःवरच जोरात चिडली, "अगं गधडे, कंसाबाहेर वजा आहे ना!" आणि आत मास्तरांना इतका आनंद झाला की विचारू नका. तिला तिची चूक सापडली होती. कुणी न दाखवता.

पंधरा दिवसांनी तिघं बाईंकडे गेली. बाईंच्या जेवणाच्या टेबलावर बसून भिंगरीने चुकलेली गणितं पुढे केली. बाईंनी एक एक बघितलं, हूं हूं करत, गोळी या गालातून त्या गालात फिरवत. मग कागदावर एक नवीन गणित लिहिलं. विसातून एक कंस वजा केला, कंसात क्ष वजा तीन, आणि उत्तर पंधरा. तर क्ष किती?

भिंगरी लिहायला लागली. मास्तर मुद्दाम खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. समोर कुठलं तरी झाड होतं, त्याची पानं मोजत असल्यासारखे ते बघत राहिले.

"आठ," भिंगरी म्हणाली.

"बरोबर आहे का?" बाईंनी विचारलं. चेहरा अगदी कोरा.

भिंगरीने बाईंच्या चेहऱ्यावर शोधलं, तिथे काही नव्हतं. आईकडे बघितलं, आईला त्यातलं काही कळत नव्हतं. बाबाची नुसती पाठ. तिने परत कागद ओढला. ओठ हलले. आठातून तीन गेले पाच. विसातून पाच गेले पंधरा.

"बरोबर आहे."

"मला दोन येतंय," बाई म्हणाल्या.

 मास्तरांना पाठीमागे वळावंसं वाटलं, आणि त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला. जन्मभर गणित शिकवलेली बाई म्हणतेय दोन. पोरगी आता रबर उचलणार. आठ खोडणार. मग सगळं संपलं.

रबराचा आवाज आला नाही. पेन्सिलीचा आला.

"दोन घालून बघितलं," भिंगरी कागदावर बोट ठेवून म्हणाली. "दोनातून तीन गेले वजा एक. विसातून वजा एक वजा केला की एकवीस. पंधरा नाही येत. बाई, तुम्ही परत बघा. कंस सोडवताना तुमचं आतलं चिन्ह बदलायचं राहिलंय."

बाईंनी चष्मा नाकावर आणला. कागद जवळ घेतला, नीट, सावकाश बघितला, जसं काही खरंच तपासतायत. "राहिलं खरं," त्या म्हणाल्या. "आठच आहे."

"मी तेच म्हणत होते," भिंगरी म्हणाली.

मास्तर आता वळले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना भानही नव्हतं. आईला गणित कळलं नव्हतं, पण पोरगी कुणापुढे काय बोलली ते बरोबर कळलं होतं. तिने पदराने डोळे टिपले आणि मग आपला मूळ प्रश्न काढला, कारण कुणीतरी काढायलाच हवा होता. "मग बाई, शिकवणीचं काय करायचं?"

"मला काय विचारता?" बाई म्हणाल्या. "जिला गणितं करायची आहेत तिला विचारा."

तिघं मोठी माणसं भिंगरीकडे बघू लागली. तिने कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही. वेणीचं टोक चावत थोडा वेळ विचार केला.

"अपूर्णांकांचं मला अजून नीट येत नाही," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी शनिवारी येईन. रोज नको. रोज मला खेळायचंय."